फ्लॅशरची समजूत

आपण कुठे वळणार आहोत हे मागच्याला कळवण्याच्या आपल्याकडे अनेक रीती आहेत. रिक्षावाला एक पाय बाहेर काढून पंजा किंचित हलवतो. स्कार्फ बांधलेली मुलगी मान जराशी कलती करते. ती वळणार आहे की खांद्यात फोन धरला आहे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दूधवाला आधी वळतो आणि मग मागे बघतो. १९८९च्या वाहतूक नियमावलीत डावीकडे वळण्यासाठी उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायला सांगितलं होतं. मोटरसायकलचा ॲक्सिलरेटर उजव्याच हातात असल्यामुळे असा हात फिरवणारा मनुष्य मी लायसन्सच्या पुस्तकातल्या चित्राखेरीज कुठे पाहिलेला नाही. आमच्या घरी हे खातं सौभाग्यवतींकडे आहे. मागच्या सीटवरून त्या असा काही करारी हात करतात की टेम्पो जागच्या जागी थांबतात. फक्त तो हात वळण्यासाठी आहे की साडीच्या दुकानाकडे, हे गाडी चालवणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.

या सगळ्या गर्दीत इंडिकेटर नावाचा एक दिवाही गाडीला असतो. १९३९च्या ब्यूक मोटारींना तो लुकलुकणारा दिवा थेट कारखान्यातूनच बसून आला. म्हणजे ही सोय चांगली वयोवृद्ध आहे. तिच्याकडे आपलं लक्ष मात्र ती बिघडल्यावरच जातं.

आमच्या जुन्या शंभर सीसी गाडीचे इंडिकेटर कधीच बिघडले नव्हते. हाच त्यांचा अपराध ठरला. इंजिनिअरिंगला असलेला भाचा एक दिवस गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "मामा, हे इंडिकेटर आहेत की पेरू? काढून टाक. एलईडी लावू. दिसतीलही भारी आणि करंटही वाचेल."

वाचण्याची भाषा केली की आमच्या घरात कुठलाही ठराव मंजूर होतो. भाचा नाना पेठेत गेला आणि चार बारीक, काळे, बाणाच्या आकाराचे इंडिकेटर घेऊन आला. दुकानदाराने "कुठल्याही गाडीला बसतात" अशी ग्वाही दिली होती. ती खरी होती. बसले. बसणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच.

पहिल्यांदा मागचा डावा दिवा लागेना. भाच्याने तो उघडला, फुंकला, पुन्हा लावला. मग उलगडा झाला. जुन्या इंडिकेटरची दांडी लोखंडी होती आणि ती गाडीच्या सांगाड्याला कसलेली होती, त्यामुळे बल्बला अर्थ परस्पर मिळत होता, वेगळी वायर लागत नव्हती. नव्याची दांडी रबराची. त्याला दोन वायरी असतात. त्यातली अर्थची वायर सांगाड्यावर रंग खरवडून किंवा वायरिंगमधल्या अर्थला नीट जोडावी लागते. शिवाय बल्बला वायर उलटी लावली तरी तो तक्रार करत नाही. एलईडी मात्र अधिक-उणे पाहिल्याशिवाय काम करत नाही. भाच्याने वायरी अदलाबदल केल्या आणि चारही दिवे हजर झाले.

आता बटण दाबलं. डावा इंडिकेटर अशा वेगाने लुकलुकायला लागला की समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी गॅलरीतून विचारलं, "काय हो, ॲम्ब्युलन्स आली का?"

गॅरेजमध्ये गेलो. तिथे एका बिघाडासाठी उपस्थितांइतकी मतं असतात. "बॅटरी उतरलीय," पंक्चरसाठी आलेल्या एकाने निदान केलं. "वायरिंग शॉर्ट मारतंय," दुसरा म्हणाला. मिस्त्रींनी हात पुसत पुसत एकदा बटण दाबलं, ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, बिघाड काहीच नाही. तुमचा फ्लॅशर इमानदार आहे."

हे वाक्य मला फार आवडलं. त्यामागचा हिशेबही सरळ आहे. जुन्या इंडिकेटरात १० वॅटचा बल्ब असतो. एका बाजूला पुढे एक आणि मागे एक, म्हणजे २० वॅट. या दोघांना लावण्या-विझवण्याचं काम एक छोटी डबी करते. सीटखाली, बाजूच्या पॅनेलमागे किंवा हेडलाइटच्या मागे ती लपलेली असते. तोच फ्लॅशर. त्यातून जाणाऱ्या प्रवाहावर त्याचं लक्ष असतं. एक बल्ब उडाला की प्रवाह निम्मा होतो आणि फ्लॅशर घाईने लुकलुकू लागतो. हा बिघाड नव्हे, ही बातमी आहे. चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा दिसत नाही, म्हणून कुणीतरी विचारपूर्वक केलेली व्यवस्था आहे. आता त्याच जागी एक-एक वॅटचे दोन एलईडी लावले, तर फ्लॅशरच्या दृष्टीने दोन्ही बल्ब उडाले. तो बिचारा जिवाच्या आकांताने तेच सांगत होता. काही जुन्या फ्लॅशरांत तापून वाकणारी धातूची पट्टी असते. एलईडीच्या एवढ्याशा प्रवाहाने ती तापतच नाही, मग दिवा एकतर नुसता लागून राहतो किंवा रेंगाळत लुकलुकतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. आमचा त्याच्या कितीतरी पुढे निघून गेला होता.

"मग उपाय?" मी विचारलं.

"दोन आहेत," मिस्त्री म्हणाले. "एक तर रेझिस्टर टाका."

हा रेझिस्टर म्हणजे फ्लॅशरची समजूत काढण्याचं साधन. सोनेरी कवचाचा, बोटाएवढा तुकडा; प्रत्येक बाजूच्या दिव्याला समांतर जोडायचा. ८ ओहमचा घेतला तर १२ व्होल्टवर तो १८ वॅट खातो. म्हणजे दिव्यांचे २ आणि याचे १८, मिळून बरोबर २०. फ्लॅशर खूश. भाच्याने मोबाइलवर गुणाकार-भागाकार करून आकडा बरोबर असल्याची खात्री केली आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

मी तो हिशेब दुसऱ्या बाजूने केला. २० वॅटच्या जागी २ वॅटचे दिवे लावून आपण १८ वॅट वाचवले. आता तेच १८ वॅट जाळायला एक वस्तू विकत आणायची. तीही चांगली तापते, म्हणून प्लॅस्टिक आणि वायरींपासून लांब, धातूवर स्क्रूने कसायची, नाहीतर वायरीचं आवरण वितळतं. उजेड नाही, ऊब नाही, नुसता चटका. "मग करंट कुठे वाचला रे?" मी विचारलं. "वाचला ना मामा," भाचा म्हणाला, "फक्त वापरला दुसरीकडे." हे पोरगं पुढे कंपनीच्या हिशेबखात्यात जाणार, यात मला शंका उरली नाही.

म्हणून आम्ही दुसरा उपाय घेतला: फ्लॅशरच बदलायचा. प्रवाह न मोजता ठरलेल्या तालावर चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो. जुन्याला दोन पिना होत्या, नव्याला तीन. त्यांवर बी, एल आणि ई अशी अक्षरं असतात. बी म्हणजे बॅटरी, एल म्हणजे दिव्यांकडे जाणारी लाइन, ई म्हणजे अर्थ. तिसऱ्या पिनेसाठी एक काळी वायर ओढून सांगाड्याला जोडली. अक्षरं वाचून जोडलं तर हे पाच मिनिटांचं काम आहे. नुसतं "बसतंय ना" म्हणून घुसवलं तर दिवसाचं.

बटण दाबलं. ताल अगदी शास्त्रशुद्ध. फक्त डावं बटण दाबलं की चारही दिवे लुकलुकत होते आणि उजवं दाबलं तरी चारही.

"मामा, हॅझर्ड फुकट मिळालं!" भाचा ओरडला.

आपल्याकडे चारही इंडिकेटर लावण्याचा अर्थ 'मी सरळ चाललोय' असा कित्येक जण घेतात. त्यामुळे आता आमची गाडी डावीकडे वळताना आणि उजवीकडे वळताना दोन्ही वेळा 'सरळ चाललोय' असं जाहीर करणार होती. राजकारणात हे चालून जातं, चौकात नाही.

यामागचं कारण मात्र मला सगळ्या प्रकरणात सर्वांत रंजक वाटलं. अनेक जुन्या गाड्यांच्या स्पीडोमीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच बारका दिवा असतो. त्याचं एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या वायरला. डावी बाजू चालू केली की थोडासा प्रवाह या दिव्यातून उजव्या बल्बांमधून अर्थकडे जातो. पूर्वीचे १० वॅटचे बल्ब एवढ्याशा प्रवाहाची दखलही घेत नसत. एलईडीला मात्र तेवढा पुरतो. कारखान्याने एक दिवा वाचवला होता आणि त्या काटकसरीला इतकी वर्षं बल्बांच्या जाडपणाने सांभाळून घेतलं होतं.

उपाय दोन डायोडचा. ते घ्यायला आम्ही तपकीर गल्लीत गेलो. "१एन ४००७ हवेत," भाच्याने रुबाबात सांगितलं.

"किती? शंभर?"

"दोन."

दुकानदाराने चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. रुपया-दोन रुपयांच्या वस्तूसाठी मामा-भाचे पेट्रोल जाळून आले आहेत, हे त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो. डाव्या वायरला एक, उजव्या वायरला एक, दोघांची रेघ असलेली टोकं एकत्र करून स्पीडोमीटरच्या दिव्याच्या एका टोकाला, आणि त्या दिव्याचं दुसरं टोक अर्थला. आता दिवा दोन्हीकडून लागतो, पण एकीकडचा प्रवाह दुसरीकडे शिरत नाही.

आणि खरोखर डावं म्हणजे डावं झालं, उजवं म्हणजे उजवं. मी गाडी काढली. टिळक रोडवर डावा इंडिकेटर लावून सावकाश कडेला येत होतो, तोच एक स्कूटरवाला जवळ आला आणि बोटं उघडमीट करत म्हणाला, "काका, इंडिकेटर चालू राहिलाय!"

"अहो, मला वळायचंय."

"मग वळा की! दिवे कशाला लावता?"

तरीही लावा. एलईडी लावणार असाल तर दिव्यांसोबतच फ्लॅशर घ्या, अर्थ आणि वायरींची दिशा तपासा, स्पीडोमीटरमध्ये एकच दिवा असेल तर दोन डायोड आणा, आणि रंग नारिंगीच ठेवा. निळे-हिरवे दिवे लग्नाच्या मांडवाला. मोटारीचा इंडिकेटर स्टिअरिंग सरळ झालं की आपोआप बंद होतो; बहुतेक दुचाकींचा होत नाही. तो बंद करण्याचं काम कुठलाही फ्लॅशर करणार नाही, ते तुमच्या डाव्या अंगठ्याचं आहे. वळण्याआधी लावा आणि वळलात की बंद करा.