कोणता अर्जुन?

महाभारतातील अर्जुनाला दहा नावे होती, आणि ती त्याला एकदा परीक्षेच्या प्रश्नासारखी पाठ म्हणून दाखवावी लागली. अज्ञातवासाच्या अखेरीस विराटाचा राजपुत्र उत्तर याने आपल्या सारथ्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी ती दहाही नावे अर्थासह विचारून घेतली, असे विराटपर्वात सांगितले आहे. अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सू, विजय, कृष्ण, सव्यसाची आणि धनंजय या यादीतील विजय आणि धनंजय आजही शाळेच्या हजेरीपटावर सुखाने नांदतात. बीभत्सू हे नाव मात्र, 'युद्धात निंद्य कृत्य न करणारा' असा त्याचा खुलासा खुद्द नावधारकाने केलेला असूनही, कोणत्याही पालकाने बारशाला काढल्याचे आढळत नाही. एका माणसाकडे दहा नावे असण्याच्या या श्रीमंतीची परतफेड पुढच्या काळाने उलट्या हिशेबाने केली आणि त्यांपैकी पहिलेच नाव नदी, झाड, हत्ती, फुलपाखरू, डोंगर, रणगाडा आणि तालुका यांना वाटून टाकले. या नावाचा माग काढत निघालेल्या प्रवाशाला भूगोल बराच घडतो, धनुष्यबाण मात्र क्वचितच दिसतो.

असा प्रवास रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपासून सुरू करणे सोयीचे ठरते, कारण तेथे अर्जुन स्त्रीलिंगी आहे. सह्याद्रीत उगम पावून राजापूरच्या खाडीकडे जाणारी अर्जुना नदी आणि तिला शहरालगत मिळणारी कोदवली नदी या दोघी पावसाळ्यात एकदम भरल्या की पाणी बाजारपेठेत शिरते, दुकानदार माल वरच्या फळीवर चढवतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'अर्जुनेने धोक्याची पातळी ओलांडली' असे वाक्य छापून येते. त्यावरून कोणी भारतीय युद्धाची कल्पना करू नये. नाव स्त्रीलिंगी झाले याबद्दल मूळ अर्जुनाची तक्रार असण्याचेही कारण नाही, कारण त्याने स्वतःच एक वर्ष बृहन्नडा या नावाने, स्त्रीवेषात, विराटाच्या अंतःपुरात नृत्यशिक्षक म्हणून नोकरी केली होती. ती नोकरी नेमकी कोठे केली याविषयी एकवाक्यता नाही. विद्वान राजस्थानातील बैराटकडे बोट दाखवतात, वाईकर आपल्या वैराटगडाकडे, तर चिखलदऱ्याचे लोक भीमाने कीचकाला ज्या दरीत फेकले ती दरीच काढून दाखवतात. राजापूरच्या बाबतीत आणखी एक बारकावा नोंदवण्यासारखा आहे. कोकण ही परशुरामाची भूमी मानली जाते, आणि परशुरामाने ज्याचा वध केला त्याचेही नाव अर्जुनच होते. तो वेगळा अर्जुन पुढे नर्मदेकाठी भेटेल.

दक्षिणेकडे म्हैसूरला पोचल्यावर अर्जुन चार पायांवर उभा राहतो. विजयादशमीला तेथे 'जंबू सवारी' निघते, म्हणजे सजवलेल्या हत्तींची मिरवणूक, आणि तिच्या अग्रभागी असलेल्या हत्तीच्या पाठीवर चामुंडेश्वरीची मूर्ती ठेवलेली सुमारे ७५० किलो वजनाची सोन्याची अंबारी असते. २०१२ ते २०१९ या काळात ही अंबारी वाहणाऱ्या हत्तीचे नाव अर्जुन होते. १९६८ मध्ये काकनकोटेच्या जंगलात 'खेडा' पद्धतीने, म्हणजे कळपाला हाकारून मजबूत कुंपणाच्या वाड्यात कोंडण्याच्या जुन्या रीतीने, त्याला पकडले होते. येथवर सारे सरळ आहे. गंमत आहे ती अंबारीच्या वारसाहक्कात. अर्जुनाच्या आधी अंबारी बलराम नावाच्या हत्तीकडे होती आणि बलरामाच्या आधी द्रोण नावाच्या हत्तीकडे, तर २०२० पासून ती अभिमन्यूकडे आली. गुरू, मेहुणा, शिष्य आणि शिष्याचा मुलगा अशी ही कुटुंबवत्सल नेमणूकयादी वनखात्याने ठरवून केली की नावे ठेवणाऱ्यांच्या हातून सहज घडली, हा प्रश्न संशोधकांसाठी खुला आहे. महाकाव्यात सुभद्रेच्या हरणावरून बलराम अर्जुनावर चांगलाच संतापला होता. म्हैसुरात त्याने अंबारी विनातक्रार सोपवली.

ही मिरवणूक जेथे संपते त्या ठिकाणाचे नाव बन्नीमंटप आहे, आणि बन्नी म्हणजे शमी. अज्ञातवासात पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर लपवली आणि अर्जुनाने ती तेथूनच पुन्हा उचलली, म्हणून दसऱ्याला शमीची पूजा होते. तेव्हा अर्जुन नावाचा हत्ती आठ वर्षे दरसाल शमीपर्यंत चालत गेला, ही गोष्ट या साऱ्या प्रवासातील सर्वांत शास्त्रशुद्ध योगायोग म्हणावी लागेल. त्याचा शेवट मात्र विनोदाच्या कक्षेत बसत नाही. निवृत्तीनंतर वयोवृद्ध असतानाही त्याला जंगली हत्ती पकडण्याच्या मोहिमेवर नेण्यात आले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये हासन जिल्ह्यात एका रानटी हत्तीशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला. महाकाव्यात मुलगा आधी गेला आणि बाप मागे राहिला. येथे क्रम उलटा झाला.

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर महाबलीपुरम येथे सातव्या शतकात पल्लवांच्या शिल्पकारांनी सुमारे ३० मीटर लांबीच्या खडकावर कोरलेला देखावा 'अर्जुनाची तपश्चर्या' म्हणून प्रसिद्ध आहे. एका पायावर उभा राहिलेला, हात डोक्यावर उंचावलेला कृश तपस्वी आणि त्याला वर देणारा शिव असे त्यातील मुख्य दृश्य असून, हा तपस्वी पाशुपतास्त्रासाठी तप करणारा अर्जुन आहे असे एक पक्ष म्हणतो, तर तो गंगा आणणारा भगीरथ आहे असे दुसरा पक्ष खडकातील मधल्या भेगेकडे आणि तिच्यातील नागांकडे बोट दाखवून म्हणतो. दोन्ही पक्षांचे पंडित बरीच वर्षे एका पायावर उभे आहेत. या वादाकडे संपूर्ण दुर्लक्ष करणारा एकच जीव तेथे आढळतो आणि तो म्हणजे खालच्या बाजूला कोरलेला बोका. तोही तपस्व्यासारखेच पुढचे पाय वर करून उभा आहे आणि त्याच्याभोवती उंदीर निर्धास्तपणे जमलेले आहेत. तपाचे सोंग करून उंदीर फस्त करणाऱ्या बोक्याची कथा महाभारताच्या उद्योगपर्वात दुर्योधनाने उलूकाकरवी पाठवलेल्या निरोपात येते, आणि ती युधिष्ठिराला टोमणा म्हणून सांगितलेली आहे. जवळच 'पंचरथ' नावाची एकाश्म मंदिरे, म्हणजे अखंड दगडातून कोरलेल्या वास्तू आहेत. त्यांतील एकीला अर्जुनरथ म्हणतात. तिला चाके नाहीत, ती रथ नाही आणि मुळात तिचा अर्जुनाशी संबंधही नाही, कारण ही नावे लोकांनी मागाहून दिली. पाच रथांची पाच पांडवांत वाटणी सरळ झाली असती. पण एक द्रौपदीला द्यावा लागल्याने नकुल-सहदेवांना एकाच रथात दाटीवाटीने बसवण्यात आले.

ज्याला चाके, पट्टे, तोफ आणि अर्जुन हे नाव या चारही गोष्टी आहेत असे वाहन तेथून फार दूर नाही, कारण चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात अर्जुन रणगाडा बांधला जातो. या रणगाड्याच्या प्रकल्पाला १९७४ मध्ये मंजुरी मिळाली आणि तो सैन्यात दाखल झाला २००४ मध्ये. पांडवांचा वनवास अज्ञातवास धरून तेरा वर्षांचा होता, म्हणजे एवढ्या अवधीत तो दोनदा भोगून वर चार वर्षे उरली असती. वजन ५८ टनांहून अधिक आणि इंजिन जर्मन बनावटीचे, यावरून सारथी परदेशी असल्यास रथ जड होतो असा निष्कर्ष काढण्याचा मोह टीकाकारांना होतो. तो येथे टाळला आहे.

समुद्र ओलांडून जावा बेटावर गेले की अर्जुनाचा आकार पुन्हा बदलतो. पूर्व जावात मलांग शहराच्या परिसरात ३,३३९ मीटर उंचीचा 'गुनुंग अर्जुनो' हा ज्वालामुखी आहे. गुनुंग म्हणजे पर्वत. अकराव्या शतकात म्पू कण्व या कवीने जुन्या जावी भाषेत 'अर्जुनविवाह' हे काव्य रचले आणि त्यात अर्जुनाच्या तपाची कथा सांगितली, तेव्हापासून, आणि कदाचित त्याआधीपासूनही, जावातील लोकांनी त्याला पाहुणा मानणे सोडून दिले. 'वायांग' या चामड्याच्या बाहुल्यांच्या छायानाट्यात तो देखणा, मृदुभाषी आणि लग्नांच्या बाबतीत सढळ असा नायक आहे. मध्य जावातील दियेंग पठारावर 'चंडी अर्जुन' नावाचे प्राचीन देऊळ आहे; चंडी म्हणजे तेथील भाषेत मंदिर, देवी नव्हे, आणि हे देऊळ शंकराचे असल्यामुळे भाविकाने तेथे अर्जुनही शोधू नये आणि चंडीही शोधू नये. जाकार्तात न्योमान नुआर्ता यांनी घडवलेले 'अर्जुनविजय' हे शिल्प १९८७ पासून भर चौकात उभे आहे. कृष्ण सारथी, मागे धनुष्य ताणलेला अर्जुन आणि पुढे उधळलेले आठ घोडे, असा हा थाट आहे. संपूर्ण प्रवासात धनुष्यासह आणि शुद्धीवर असलेला अर्जुन भेटण्याची ही दुर्मीळ जागा. परंतु जाकार्ताचे रहिवासी या शिल्पाला 'पातुंग कुदा', म्हणजे घोड्यांचा पुतळा, म्हणतात. रिक्षावाल्याला अर्जुनाचा पत्ता विचारण्यापेक्षा घोड्यांचा विचारावा, हे बरे.

याच बेटावर एक फुलपाखरूही अर्जुन नावाचे आहे. हिरव्या-सोनेरी कणांची झाक असलेल्या या काळपट फुलपाखराला एकोणिसाव्या शतकात थॉमस हॉर्सफील्ड या निसर्ग-अभ्यासकाने 'पॅपिलिओ अर्जुना' हे शास्त्रीय नाव दिले. पुढे काही वर्गीकरणकारांनी, म्हणजे सजीवांची कुळे लावणाऱ्या शास्त्रज्ञांनी, ही स्वतंत्र जाती नसून 'पॅपिलिओ पॅरिस' या जातीचीच उपजाती आहे असे ठरवले. पॅरिस हा ग्रीक पुराणकथांतील ट्रॉयचा राजपुत्र आणि तोही धनुर्धरच. त्याने बाण मारून अकिलीस या वीराला ठार केले, आणि ही दोन्ही फुलपाखरे ज्या गटात बसवली आहेत त्याचे नाव 'अकिलाइडिस' आहे. मारणारा, मरणारा आणि त्या युद्धाशी काडीचाही संबंध नसलेला कुरुवंशीय असे तिघे एका पंखावर आणण्याची किमया व्यासांना साधली नव्हती.

परतीच्या वाटेवर दिल्लीतील अर्जुन पुरस्काराची दखल थोडक्यात घेता येते. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या क्रीडापुरस्काराच्या पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत सांगलीचे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर होते. पुरस्कारासोबत धनुर्धराची मूर्ती मिळते. तिरंदाजीला मात्र हा पुरस्कार मिळण्यासाठी १९८१ साल उजाडावे लागले आणि तेव्हा तो ज्यांना मिळाला त्यांचे नाव कृष्णा दास होते. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये आला, म्हणजे शासकीय कालगणनेनुसार शिष्य गुरूहून चोवीस वर्षांनी मोठा आहे.

नर्मदेकाठचे महेश्वर हे अहिल्याबाई होळकरांची राजधानी म्हणून मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याच्या फार आधी ते कार्तवीर्य अर्जुनाचे गाव मानले जाई. हजार हात असल्यामुळे सहस्रार्जुन म्हटला जाणारा हा हैहय राजा पांडव अर्जुनाहून अगदी निराळा. त्याने आपल्या हातांनी नर्मदेचा प्रवाह अडवला, रावणाला पकडून कैदेत टाकले आणि अखेर जमदग्नी ऋषींची गाय पळवल्यामुळे तो परशुरामाच्या हातून मारला गेला. सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातील सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाज त्याला आपला मूळपुरुष मानतो. गाय पळवणाऱ्या या राजाकडे परंपरेने सोपवलेले काम पाहण्यासारखे आहे: हरवलेली किंवा चोरीला गेलेली वस्तू परत मिळावी म्हणून कार्तवीर्यार्जुनाचा मंत्र म्हणतात. चोरीचा तपास अनुभवी माणसाकडे असावा, हे तत्त्व प्राचीनांना मान्य होते.

अर्जुनवृक्षाला मात्र हे नाव कोणा योद्ध्याकडून उसने घ्यावे लागले नसावे, कारण त्याची साल पांढुरकी, गुळगुळीत आणि पापुद्रे सुटणारी असते, आणि संस्कृतात पांढऱ्या रंगालाच अर्जुन म्हणतात. नदीओढ्यांच्या काठी वाढणाऱ्या या झाडाला मराठीत अर्जुनसादडा असेही नाव आहे. आयुर्वेदात त्याची साल हृदयविकारावर वापरतात आणि तिच्यापासून केलेले अर्जुनारिष्ट औषधांच्या दुकानात बाटलीत मिळते. त्याच्या फळाला पाच पंख असतात. पांडवभक्तांनी या पुराव्याचा अद्याप उपयोग केलेला नाही. श्रीकृष्णाची अर्जुनांशी पहिली ओळख या झाडाच्या रूपाने झाली, आणि ती फारशी स्नेहाची नव्हती: उखळाला बांधलेल्या बाळकृष्णाने अंगणातील दोन अर्जुनवृक्ष मुळासकट पाडले, ते शापित कुबेरपुत्र होते म्हणून प्रकरण निभावले. पूर्व विदर्भात अर्जुन आणि ऐन या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवतात. त्यांच्या कोशाला तिकडे कोसा म्हणतात, आणि ढिवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली आहेत. पाखरांपासून अळ्या राखण्यासाठी त्यांना दिवसभर झाडाखाली पहारा करावा लागतो, आणि गोफण किंवा गलोल हातात घेऊन पक्ष्याच्या डोळ्यावर नजर ठेवण्याचा अर्जुनाचा मूळ अभ्यासक्रम आज कोठे चालू असेलच तर तो येथे.

या टसरच्या मुलुखातील गोंदिया जिल्ह्यात तर नावाने तालुक्याचे रूप घेतले आहे, आणि तेही दोनदा. अर्जुनी मोरगाव हा एक तालुका आणि सडक अर्जुनी हा दुसरा. दोन्ही एकाच जिल्ह्यात, त्यामुळे तिकडे नुसते 'अर्जुनी' म्हटल्यास ऐकणारा थांबून 'कोणती?' असे विचारतो. 'मोरगाव' म्हटल्याने परक्याचा गोंधळ मिटत नाही, कारण पुणे जिल्ह्यातील मोरगावचा मयूरेश्वर त्याच्या मनात आधीच बसलेला असतो. नवेगाव बांधचा तलाव पाहायचा असेल तर अर्जुनी मोरगाव तालुक्यात जावे. सडक अर्जुनी ही नावाप्रमाणे सडकेवर, म्हणजे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर आहे आणि तेथे रेल्वे जात नाही. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीला जे अर्जुनी स्थानक लागते ते अर्जुनी मोरगावचे. सडक अर्जुनीला जाणाऱ्याने तेथे उतरू नये.