नऊने भाग जातो का बघा

बी.कॉम. झालेल्या पोराला आपल्याकडे ‘काय करतोस?’ असं कोणी विचारत नाही. ‘सीए करतोयस ना?’ असं विचारतात. ‘नाही, कंपनीत लागलोय, अकाउंट्सला,’ असं त्याने सांगितलं की समोरचा ‘हो का, छान छान’ म्हणतो, आणि त्या दुसऱ्या ‘छान’मध्ये सांत्वनाचा भाग जास्त असतो. लग्नाच्या बोलण्यात तर ‘मुलगा अकाउंटंट आहे’ म्हटल्यावर मुलीकडचे एकदम सावरून बसतात आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा मागे टेकतात.

खरं तर मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज निघालं, तेव्हापासून आपल्याकडे कॉमर्सचे पदवीधर बाहेर पडताहेत. त्यातले सीए होतात ते थोडे. बाकीचे कुठे जातात, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. ते भोसरीला, चाकणला, अंबडला, वाळूजला कुठल्या तरी शेडच्या माळ्यावर बसलेले असतात. खाली प्रेस चालते, वर टेबलावरचा चहा थरथरतो. अकाउंट्सच्या खोलीत एसी असतो, पण तो माणसांसाठी नसून सर्व्हरसाठी आहे, हे पहिल्याच दिवशी सांगितलं जातं.

अशाच एका माळ्यावर माझं नोकरीतलं बहुतेक आयुष्य गेलं. दर पावसाळ्यात, निकाल लागले की, एखाददुसरा नवा चेहरा जिना चढून येतो. गेल्या वर्षी एक मुलगी आली. चांगले मार्क, ताळेबंदाची गणितं तोंडपाठ, वहीत समासाच्या रेघासुद्धा पट्टीने मारलेल्या. तिला वाटलं होतं, कंपनीचा ताळेबंद दाखवतील. तिच्यापुढे बिलांच्या फुगलेल्या फाइली आणि एक पंचिंग मशीन ठेवलं. मशीनची खूणपट्टी तुटलेली होती. मधोमध भोक पाडण्याची विद्या कुठल्याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नाही.

टॅलीत खरेदीला एफ नाइन, विक्रीला एफ एट, पैसे देण्याला एफ फाइव्ह. हे तिच्या हाताला दोन दिवसांत बसलं. कठीण होतं ते पुढचं. ऑर्डर ५०० नगांची, चलन ५०० नगांचं, बिल ५०० नगांचं आणि स्टोअरच्या जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, ‘स्वीकारले ४८८’. कॉलेजातल्या गणितात आकडे कुणी तरी आधी जुळवलेले असतात आणि मग आपल्यासाठी विस्कटलेले असतात. म्हणून तर शेवटी दोन्ही बाजू सारख्या आल्या की पोरांना ब्रह्मानंद होतो. कारखान्यात ते आधी कोणी जुळवलेलेच नसतात. इथे खाली ‘समायोजना’ म्हणून टीप नसते, की बारा नग वाटेत गहाळ झाले, तशी नोंद करा.

ती माझ्याकडे आली. ‘सर, बारा कुठे गेले?’

‘मला काय माहीत? मी वर बसतो. खाली जा.’

हे मी उद्धटपणे म्हणत नाही. नव्या माणसाला मी एवढं एकच शिकवतो. खाली जा. पायात सेफ्टी शूज घाल, पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाल आणि स्टोअरच्या काकांना विचार. ती गेली. बऱ्याच वेळाने आली तेव्हा कागदाला तेलाचा अंगठा लागलेला होता आणि तिला बरंच काही कळलं होतं. बारा नग क्वालिटीवाल्यांनी नापास करून लाल टॅग लावून ठेवले होते. भोकाचा व्यास जास्त होता. पुरवठादार म्हणत होता, आमच्याकडून निघाले तेव्हा भोकं बरोबर होती. काका म्हणत होते, भोक वाटेत मोठं होत नाही. मग बारा नगांची डेबिट नोट निघाली आणि त्या नोटेवरून फोनवर जे झालं ते लेखाशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

प्रॅक्टिसमधला माणूस अनेक कंपन्यांचे आकडे वर्षातून एखाद-दोनदा बघतो. आपण एकाच कंपनीचे आकडे रोज बघतो, त्यामुळे त्यांचे स्वभाव कळायला लागतात. वीजबिल वाढलं आणि उत्पादन वाढलं नाही, तर कंप्रेसरची हवा कुठे तरी गळते आहे, हे मेंटेनन्सच्या आधी अकाउंट्सला कळू शकतं. फक्त अकाउंट्सवाला जिना उतरणारा हवा. मुलाखतीला आलेल्या अनुभवी माणसाच्या बुटांकडे मी हळूच बघतो. तळव्याला कधीच तेल न लागलेला अकाउंटंट मला जरा संशयास्पद वाटतो.

पूर्वी, हाताने खतावण्या लिहायच्या त्या काळी, तेरीज जुळली नाही की म्हातारे हेडक्लार्क चष्मा कपाळावर चढवून म्हणत, ‘नऊने भाग जातो का बघा.’ आकड्यांची उलटापालट झाली, म्हणजे ५,४६३ च्या जागी ५,६४३ लिहिले, की पडणाऱ्या फरकाला नऊने नि:शेष भाग जातो. इथे फरक १८०. नवाने भाग जाईना, तर फरकाची निम्मी रक्कम शोधायची. ती बहुधा जमेऐवजी नावे पडलेली असे. चार रुपयांच्या फरकासाठी माणसं शेवटची लोकल चुकवत. खिशातले चार रुपये टाकून मोकळं व्हावं, असं नव्यांना वाटे. पण चार रुपयांच्या फरकाखाली चाळीस हजारांच्या दोन चुका एकमेकींना टेकून उभ्या असू शकतात, हे जुन्यांना ठाऊक होतं.

आता संगणक एकांगी नोंद घेतच नाही. जमा आणि नावे सारखे झाल्याशिवाय व्हाउचर पुढे सरकत नाही, त्यामुळे तेरीज महिनाअखेरीला काय, मध्यरात्रीसुद्धा जुळलेलीच असते. सगळ्यांना वाटलं, चुका संपल्या. मला तसं वाटत नाही. चुका फक्त शहाण्या झाल्या. पूर्वी चोर खिडकीतून येई, म्हणून आवाज तरी होई. आता तो इस्त्रीचे कपडे घालून, गेटवर नोंद करून, पास लावून आत येतो. एकच बिल एकदा मूळ प्रतीवरून आणि एकदा झेरॉक्सवरून चढतं, दोन्ही वेळा अगदी जुळून. गणपतीच्या नावाने सुरू होणारे पुरवठादार प्रत्येक कंपनीत पाचसात तरी असतात. पैसे एका गणपतीचे, नोंद दुसऱ्याच्या खात्यावर आणि पहिला रोज फोन करतोय. तेरीज शांत. ‘सस्पेन्स’ खातं नावाप्रमाणे थरारक असेल असं वाटतं, पण त्यात नुसता आळस साठलेला असतो.

पंचांगही बदलतं. सातला टीडीएस, अकराला जीएसटीआर-वन, चौदाला टू-बी, पंधराला पीएफ आणि ईएसआय, वीसला थ्री-बी. वीस तारखेला घरी पूजा ठेवणाऱ्याने अकाउंटंटला बोलावू नये. बोलावलं तरी तो प्रसादाच्या वेळी पोर्टल उघडतंय का हे बघत बसेल. टू-बीमध्ये एखाद्या पुरवठादाराचं बिल दिसलं नाही की ओळखावं, त्याने आपलं विवरण भरलेलं नाही, आणि आपलं क्रेडिट अडकलं. मग फोन. तो म्हणतो, ‘मॅडम, आधी पैसे सोडा, मग भरतो.’ आपण म्हणायचं, ‘आधी भरा, मग सोडते.’

फोनवरची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. ‘बिल पासिंगला आहे’, ‘साहेबांच्या सहीला आहे’, ‘या आठवड्यात बघते’. ही वाक्यं मुलीने महिन्याभरात उचलली, आणि उचलताना तिचा चेहरा थोडा पडलेला मला दिसला. पलीकडचा माणूस दोन लेथवर पोट भरणारा असतो, शनिवारी त्याला कामगारांचा पगार वाटायचा असतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असला तर फार तर ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यावेत, असं २००६च्या कायद्यात होतंच. पण कायद्यात बऱ्याच गोष्टी असतात. वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा मिळणार नाही, असं २०२३-२४पासून आयकराने म्हटलं, तेव्हा आमच्या साहेबांना त्या दोन लेथवाल्यांविषयी एकदम कणव वाटू लागली. कणव कुठून का येईना, चेक निघाला.

पहिल्या पगाराची स्लिप तिने ऑडिटच्या नजरेने तपासली. शेजारच्या मुलाचा व्यवसाय कर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० का, हे तिने स्वतःच शोधलं: वर्षाचे अडीच हजार व्हायला हवेत. तिचा मात्र कापलाच नव्हता. महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. कर वाचला याचा आनंद मानावा की माफीत बसण्याएवढाच पगार आहे याचं वाईट वाटून घ्यावं, यावर तिने दुपारचा डबा होईपर्यंत विचार केला.

मग मार्च आला. वर्षअखेरीचा स्टॉक प्रत्यक्ष मोजायचा असतो. बोल्ट एकेक मोजत बसलं तर पुढची वर्षअखेर येईल, म्हणून शंभर बोल्टचं वजन करून त्यावरून एकाचं वजन काढायचं आणि त्याने पूर्ण ढिगाच्या वजनाला भागायचं. तिचं उत्तर आलं ४,३१६.७. ती शीटवर खरोखरच तसं लिहून काकांकडे सहीला घेऊन गेली. काकांनी चष्मा पुसला, आकडा वाचला आणि म्हणाले, ‘पोरी, तो पॉइंट सात माझ्या टेबलाच्या पायाखाली आहे, डुगडुगतंय म्हणून लावलाय. धरून घे.’ आणि सही केली.

मे महिन्यात ऑडिटवाले आले. त्यांच्याबरोबर आर्टिकलशिपचा एक मुलगा होता, तिच्याच वयाचा, गळ्यात टाय, कपाळाला घाम. दारातच म्हणाला, ‘मॅडम, हे पन्नास व्हाउचर आजच्या आज लागतील. आणि या डेबिट नोटेत बारा नग कमी कसे?’

तिने मान वर केली नाही. ‘यादी मेल करा, बघते. नगांचं मला विचारू नका, मी वर बसते. खाली जा.’