पंचावन्न मिनिटांचे साहेब

लातूरच्या बसस्थानकावर सकाळी नांदेडच्या गाडीची वाट पाहणाऱ्या घोळक्यात हा लगेच ओळखू येतो. इस्त्रीचा फुल शर्ट, चकचकीत बूट, जड काळी बॅग. म्हणजे औषध कंपनीचा एमआर. पण बॅगेच्या ज्या कप्प्यात बाकीचे एमआर सॅम्पल ठेवतात, तिथून याची काकडी डोकावत असते. शेजारच्या गाड्यावर निलंगा राईसची परात वाफाळत असते. हा तिकडं पाठ करून उभा राहतो. नाकाला पाठ फिरवता येत नाही, हा भाग वेगळा.

हा विकतो मधुमेहाच्या गोळ्या. चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा टूर प्रोग्राम. परतताना हेच उलटं. एकदा कंपनीच्या तपासणी शिबिरात पेशंट कमी पडले, म्हणून संख्या भरायला यानं स्वतःचंच बोट पुढं केलं. आकडा पाहिला आणि गप्प झाला. आपल्याच गोळीचं गिऱ्हाईक व्हायचं नाही, या जिद्दीनं त्या दिवसापासून तो दीक्षितांच्या वाटेला लागला.

लातूरकरांना दीक्षित म्हणजे घरचेच. डॉ. जगन्नाथ दीक्षित इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचे. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढं नेत त्यांनी सांगितलं की, कडकडून भूक लागते त्या दोन वेळांनाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा घ्या, आणि रोज ४५ मिनिटं चाला. २०१८ च्या सुमाराला तर घराघरांत दोन पक्ष पडले होते: एक दीक्षितांचा, दुसरा दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकरांचा. आमच्या साहेबांनी दुसरा पक्षही करून पाहिला होता. तो सोडला तो तत्त्वासाठी नव्हे. अहमदपूर ते लोहा या रस्त्यावर दर दोन तासांनी जे हाताला लागतं ते भजं असतं.

लोह्याच्या हॉटेलातलं त्याचं पहिलं जेवण मुद्दाम बघावं. बसल्या बसल्या मोबाईलवर गजर लावतो. आधी काकडी, मग डब्यातली मोड आलेली मटकी, मग थाळी: ज्वारीची भाकरी, वरण, मेथी, शेंगदाण्याची चटणी. म्हणजे या भागातला शेतकरी कुणालाही न विचारता जे पिढ्यान् पिढ्या खात आला तेच, फक्त गजर लावून. पोऱ्या आत ओरडतो, "एक भाकर थाळी, साहेबाला तर्री कमी!" आतून आचाऱ्याचा आवाज येतो, "तर्री कमी म्हंजे पैसे कमी न्हाईत, सांग त्याला!"

बाराव्या मिनिटाला फोन वाजतो. कंपाउंडर. "सर मोकळे झालेत, लगेच या." या डॉक्टरांची भेट मिळायला किती चकरा झाल्या ते यालाच ठाऊक. भाकरी अर्धी ताटात. "झाकून ठेव, आलोच," म्हणत हा रस्ता ओलांडतो. दवाखान्यात पोचेपर्यंत सर पुन्हा बिझी! बाकावर एका बाजूला खोकणारे आजोबा, दुसऱ्या बाजूला रडणारं बाळ, आणि मधे घड्याळाकडं टक लावून बसलेला हा. बाळाच्या आईला वाटतं, याच्या घरचंच कुणी सिरियस आहे. पंचेचाळिसाव्या मिनिटाला आत बोलावणं येतं. नव्या गोळीचे सगळे गुण हा दोन मिनिटांत सांगून टाकतो. इतका थोडक्यात बोलणारा एमआर डॉक्टरांनी कधी पाहिलेला नसतो. ते खूश होऊन चिठ्ठ्या लिहायचं कबूल करतात. हा पळत हॉटेलात. उभ्यानंच भाकरी वरणात कुस्करतो. पोऱ्या मोबाईल हातात धरून मोठ्यानं सेकंद मोजतोय. गजर वाजतो तेव्हा शेवटचा घास तोंडात. आता तो गिळायचा की काय करायचं?

"तोंडात गेला तो आत गेला," गल्ल्यावरून मालक निकाल देतो. घास उतरतो.

चहाचं दुखणं मात्र सुटत नाही. मेडिकल दुकानात "घोटभर घ्या की" झालं की हा हात जोडतो. दुकानदार गंभीर होतो: "मागच्या बिलावरून राग धरलाव का साहेब?" उपवास आहे म्हणून बघितलं, तर त्या भल्या माणसानं समोरून साबुदाण्याची खिचडी मागवली, वर दोन चमचे साखर पेरून.

मॅनेजर जॉइंट वर्कला, म्हणजे सोबत फिरायला, येतो तो दिवस तर विचारूच नका. रात्री दहाला नांदेडबाहेरच्या धाब्यावर मॅनेजर मटण हाणतोय आणि हा समोर पाण्याचा ग्लास घेऊन टार्गेट ऐकतोय. पण मला वाटतं, त्याचा हट्ट साखरेपुरता नाहीच. टार्गेट वरून येतं, डॉक्टरांची वेळ कंपाउंडर ठरवतो, गाडी कधी लागेल ते कंडक्टरलाही ठाऊक नसतं. आख्ख्या दिवसात त्याच्या मालकीची ती ५५ मिनिटंच. त्यावर कुणी अतिक्रमण केलं की तो भांडणारच.

अपवाद एकच. नांदेडला मुक्काम असला की तो सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकवायला जातो. कडाह प्रसादात कणीक, तूप आणि साखर समसमान. हा ओंजळ पुढं करतो आणि डोळे मिटून खातो. कुणी हिशेब विचारलाच, तर म्हणतो, "प्रसाद दोनदात धरत नाहीत."

तरी बरा चालला होता. पण वेळ अमावास्या, म्हणजे इथली येळवस, आली. येळवशीला लातुरात बाजारपेठ ओस पडते, सगळं शहर शेतात. त्या दिवशी कॉलला, म्हणजे डॉक्टरांच्या भेटीला, जाणार कुणाकडं? एका डॉक्टरांनीच शेतावर बोलावलं. कडब्याच्या कोपीपुढं पंगत: भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. ५५ मिनिटांनी गजर वाजला. डॉक्टरांच्या आई वाढता वाढता थांबल्या.

"काय वाजायलंय?"

"जेवण संपलं म्हणून सांगतंय, आजी."

"त्याला काय कळतंय? पोट हाय का त्याला?" म्हणत त्यांनी आणखी एक उंडा ताटात ठेवला आणि लोटक्यातली आंबील तांब्यात ओतली. हा तांब्यात डोकावला.

"यात काय काय असतं?"

"ताकच की. जरासं ज्वारीचं पीठ."

"पातळ आहे ना?"

"वरचं वरचं देते."

पातळ ताक चालतं. नियमातच आहे. दुसऱ्या तांब्यानंतर तो बांधावरच्या लिंबाखाली आडवा झाला तो ऊन कलेपर्यंत. संध्याकाळी प्रामाणिकपणे रिपोर्ट भरला: भेटलेले डॉक्टर एक, भेटीचा वेळ पाच तास, चर्चेचा विषय आहार. मॅनेजरनं तो रात्रीच सगळ्या टीमला पाठवला. खाली लिहिलं होतं, "याला म्हणतात कॉल. शिका जरा!"