पाऊस आहे का हो पुढे?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला निफाड दोन कारणांनी माहीत असतं: द्राक्षं, आणि डिसेंबरात पहिल्या पानावर येणारी बातमी. 'निफाड गारठले' एवढे दोन शब्द वाचून मुंबईच्या माणसाला चहा जास्त गोड लागतो. "बापरे, पाच अंश!" असं म्हणून तो पंखा एका आकड्याने कमी करतो. आम्हा निफाडकरांनाही त्या पाचाचा अभिमान आहे. एखाद्या दिवशी महाबळेश्वरचा पारा आमच्यापेक्षा खाली गेला, तर त्यांचं मोजण्यात काहीतरी चुकलं असणार, यावर चहाच्या टपरीवर एकमत होतं.

हा आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. आमच्या शेजारच्या तात्यांचं मत असं, की मोजतात म्हणून थंडी पडते. मोजणं बंद करा, आपोआप कमी होईल. (स्वतःच्या रक्तदाबाबाबतही त्यांचं हेच धोरण आहे.) मी एकदा त्यांना समजावून सांगितलं, की हवामानाचा थर्मामीटर कुठेतरी खिळ्याला टांगलेला नसतो. झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, साधारण छातीच्या उंचीवर त्याला ठेवतात. हवा आत यावी, पण ऊन, पाऊस आणि वाऱ्याचा झोत थेट लागू नये, अशी सोय. ही पेटी काढली थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरने, दीपगृहं बांधणाऱ्या; 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे वडील.

"म्हणजे थंडी मोजणाऱ्याला थंडी वाजू नये म्हणून घर बांधलंय," तात्या म्हणाले.

मुद्दा अगदी बरोबर होता. थर्मामीटरला पेटी आहे. मला मोटारसायकल आहे.

माझी कंपनी अंबडच्या एमआयडीसीत आणि पहिली पाळी सातची. म्हणजे निफाडहून सहाच्या आत निघायचं, पिंपळस, चांदोरी, ओढा करत नाशिक गाठायचं आणि शहर ओलांडून पलीकडे जायचं. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे सगळा रस्ता अंधारात. पेपरात छापलेले पाच अंश हे उभ्या माणसाचे असतात. मी गाडीवर बसून ॲक्सिलरेटर पिळला, की पुढची थंडी मी स्वतःच्या उजव्या हाताने तयार करतो.

या प्रकाराचा हिशेब अंटार्क्टिकावर लागला. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनी १९४०-४१च्या सुमारास तिथे प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून वाऱ्यात टांगलं आणि ते गोठायला किती वेळ लागतो, ते पाहत बसले. त्यातून वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं गणित निघालं. २००१मध्ये अमेरिका आणि कॅनडाने ते सुधारून घेतलं. त्या सूत्रात पाच अंश आणि ताशी साठ किलोमीटर घातले, की उत्तर येतं जवळपास उणे दोन. वेग निम्मा केला, ताशी तीस, तर शून्य. म्हणजे दोन अंशांच्या फायद्यासाठी दुप्पट वेळ कुडकुडायचं, शिवाय पाळी चुकणार ती वेगळीच. हे गणित मी आमच्या फोरमनना सांगितलं. "साहेब, मी रोज उणे दोनमधून येतो." त्यांनी माझ्या डब्याच्या पिशवीतली पाण्याची बाटली हलवून पाहिली. "मग हे गोठलं का नाही?"

गोठत नाही, कारण वारा फक्त उष्णता पळवायचा वेग वाढवतो; हवा पाच अंशांची असेल तर बाटली पाचाच्या खाली जात नाही. हे शास्त्रीय उत्तर मी दिलं, पण तोपर्यंत उशिराची खूण लागून गेली होती.

तर शत्रू थंडी नव्हे, वारा. हे एकदा कळल्यावर माणसाने सरळ दुकानात जाऊन मोटारसायकलवाल्यांचं जाडजूड जॅकेट घ्यावं. लेह-लडाखला जाणारे घेतातच. पण आमची थंडी पडली अर्ध्या दिवसाची. तीसुद्धा फार तर दोन महिने. "एवढ्याशा थंडीसाठी एवढे पैसे?" हा प्रश्न आमच्या घरात आईने विचारला, बायकोने विचारला आणि माझ्या लग्नातली शेरवानी ज्या कपाटात एकदाच घालून कायमची झोपली आहे, त्या कपाटासमोर उभं राहून विचारला. मराठी माणूस उन्हाळ्यासाठी कूलर घेतो, पावसाळ्यासाठी पत्रे बदलतो; हिवाळ्याची व्यवस्था मात्र घरात जे आहे त्यातूनच करायची, असा अलिखित नियम आहे.

घरात काय आहे? आईने विणलेला मरून स्वेटर आहे. तिबेटी लोकांच्या बाजारातून आणलेली कानटोपी आहे. लोकर उबदार असते हे खरं, पण स्वेटर म्हणजे शेवटी एकमेकांना धरून बसलेली भोकं. घरात बसा, त्या भोकांतली हवा तापते आणि ऊब देते. साठच्या वेगाने निघा, ती हवा पहिल्याच वळणावर उतरून जाते. म्हणून स्वेटरच्या वर वारा अडवणारं काहीतरी लागतं, आणि वारा अडवणारी वस्तू प्रत्येक घरात खुंटीला लटकत असते. रेनकोट.

रेनकोटसारखी उत्तम गोष्ट नाही. शिवणींतून सुद्धा वारा शिरत नाही. एकच अडचण. डिसेंबरात, स्वच्छ चांदण्यात, पायघोळ निळा रेनकोट घातलेला माणूस समोरून येताना दिसला, की लोक गाडी थांबवतात. "दादा, पाऊस आहे का हो पुढे?" विचारणारा बागाईतदार असेल तर चेहरा पाहवत नाही. द्राक्षं भरायला लागलेली असताना अवकाळी पाऊस म्हणजे काय, हे निफाड तालुक्यात समजावून सांगावं लागत नाही. सुरुवातीला मी थांबून खुलासा करायचो. आता लांबूनच हात हलवतो, "थंडीसाठी, थंडीसाठी!" असं ओरडतो आणि रेनकोटच्या फडफडाटात ते कुणालाही ऐकू जात नाही.

रेनकोटच्या आत, स्वेटरच्याही आत, शर्टावर वर्तमानपत्र. हा उपाय खेडवळ वाटत असेल तर सांगतो, 'टूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीत घाटमाथ्यावर पोचलेले स्पर्धक पलीकडचा उतार सुरू होण्याआधी कडेला उभ्या प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेत आणि जर्सीत खुपसत, ही तिथली जुनी पद्धत. कागद वारा अडवतो आणि घड्यांमध्ये हवा धरून ठेवतो. मात्र कागद निवडण्यात अनुभव लागतो. गुळगुळीत जाहिरातींची पुरवणी घसरून पोटावर गोळा होते. साधी मोठी पानं, चार-पाच थर, छातीवर उघडी पसरून. ताजा अंक पहाटे आलेला नसतो, म्हणून कालचा. त्यामुळे 'निफाड गारठले' ही बातमी छातीशी धरून मी निफाडच्या गारठ्यातून जातो, आणि त्या दोन शब्दांचा खराखुरा उपयोग झालेला मी बहुधा तालुक्यातला एकटाच वाचक असेन.

तात्यांना हा कागदाचा अपव्यय वाटतो. त्यांची चार बिघे द्राक्षबाग आहे आणि त्यांच्या हिशेबात रद्दीवर पहिला हक्क घडांचा. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी कडक ऊन असं चालू झालं, की हिरवे मणी गुलाबी पडतात. पिंक बेरी. निर्यातीचा माल बाद होतो. म्हणून बागेत एकेका घडाला कागद लावतात. पहाटे पारा घसरला, की मणी तडकू नयेत म्हणून पाणी सोडतात, बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात. तात्या रात्री दोनदा उठून बागेत चक्कर मारतात. पहाटे मी कुडकुडत निघताना ते बागेतून परतत असतात, खांद्याला घोंगडी. माझ्याकडे पाहतात, माझ्या छातीवर करकरणाऱ्या कागदाकडे पाहतात. "त्यात दहा घड झाकले असते," म्हणतात. मी पिंक होतो की नाही, याची चौकशी आजवर त्यांनी केलेली नाही.

आता हात. मोटारसायकलवर सगळ्यात पुढे हातच असतात, वाऱ्याला छाती देण्याचं काम वास्तविक बोटं करतात. लोकरी हातमोजे म्हणजे पुन्हा भोकंच. दूधवाले या बाबतीत सगळ्यांत पुढे गेलेले आहेत. त्यांनी हँडलच्या दोन्ही मुठींवर रेक्झिनच्या पिशव्या बांधलेल्या असतात; हात आत घालायचे, क्लच-ब्रेक आतच. मी हातमोज्यांच्या आत प्लास्टिकच्या पिशव्या घालून पाहिल्या. वारा थांबतो. घाम मात्र कुठे जाणार? नाशिकला पोचेपर्यंत बोटं रसरशीत ओली होतात आणि पिशवी काढल्याबरोबर दुप्पट गारठतात.

खरं मर्म मला कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं. शरीर थंडीत भारनियमन करतं. हृदय-फुप्फुसांची राजधानी चालू राहावी म्हणून आधी खेड्यापाड्यांचा पुरवठा तोडतं. बोटं, कान, नाकाचा शेंडा. रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं बधिर होतात. म्हणून धड गरम ठेवलं, तर राजधानी निर्धास्त होते आणि बोटांकडे रक्त पुन्हा सोडते. थोडक्यात, हात गार पडत असतील तर पोटावरचा कागद वाढवावा. हे मी तात्यांना सांगितलं, तेव्हा त्यांना मी रद्दी लाटण्यासाठी डॉक्टरांना सामील करून घेतलंय असं वाटलं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या सेक्शनमध्ये कुणालाच आवडली नाही. दारूने ऊब येते असं वाटतं ते कातडीकडचं रक्त वाढल्यामुळे. आतली उष्णता उलट बाहेर जाते. दोघांनी डॉक्टर बदलावेत असं सुचवलं.

पूर्वी गाडीलाच ऊब होती. माझी जुनी गाडी कार्ब्युरेटरवाली. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नसे, चोक ओढून किक मारत बसावं लागे. गाडी सुरू होईपर्यंत माणूस घामाघूम. इतका स्वस्त हीटर पुन्हा झाला नाही. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, फ्युएल इंजेक्शन आलं, चोक गेला. आता बटण दाबलं की गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते आणि माणूस थंडच्या थंड रस्त्यावर. त्यातल्या त्यात चांदोरीच्या टपरीवर गाडी थांबवली, की इंजिनजवळ हात धरता येतात. तिथे पहाटे चार-पाच जण आपापल्या गाडीशेजारी उकिडवे बसलेले दिसतात. घाईने कुणी सायलेन्सरलाच हात लावतो, आणि मग जळक्या लोकरीच्या वासात सगळ्यांचा चहा होतो.

चांदोरीला गोदावरीकाठचं धुकं लागतं. हेल्मेटची काच खाली घेतली तर श्वासाने आतून धूसर, वर घेतली तर डोळ्यांतलं पाणी सरळ कानांकडे. चष्मा असेल तर तिसरा पडदा. हेल्मेटखाली कानटोपी घालावी तर हेल्मेट बसत नाही. आणि आईचा आग्रह असा, की कानटोपी घाल, हेल्मेट राहू दे, थंडी डोक्यातूनच शिरते. पोलिसांचं मत वेगळं आहे.

इथून फार लांब नाही नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो पक्षी तिथे उतरतात. कशासाठी? थंडी सोसवत नाही म्हणून! निफाड तालुका हे त्यांचं उबेचं ठिकाण आहे. पिसं फुलवून, त्यात हवा कोंडून ते निवांत पाण्यावर बसलेले असतात, आणि त्यांना दुर्बिणीतून पाहायला नाशिकहून गाड्यांमधून आलेले लोक म्हणतात, "काय सुंदर हवा आहे नाही?"

सुट्टीच्या दिवशी बायको मागे बसते. तिचे दोन्ही हात माझ्या खिशांत, गाल माझ्या पाठीला. वारा मी अडवतो, ती आडोशाला. "अहो, एवढी काही थंडी नाहीये," ती म्हणते. "उगाच बाऊ करता तुम्ही."

आणि हे सगळं सकाळचं. पाळी सुटते साडेतीनला. तेव्हा नाशिकात २८ अंश असतात. ज्या अंगाने पहाटे सहा थर चढवले, त्याच अंगाने आता ते उतरवून कुठेतरी ठेवायचे. गाडीला डिकी नाही. म्हणून मागच्या सीटवर गाठोडं: स्वेटर, थर्मल, कानटोपी, मफलर, दोन जोड हातमोजे, वरून रेनकोट, आणि सगळ्याला रबरी पट्टा. मी हाफ शर्टात. ओढ्याजवळ उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबतो, बर्फ घातलेला रस पितो आणि पहाटेच्या माणसाबद्दल मला खरंच काही आठवत नाही.

परवा रस पिताना मागून कुणीतरी गाठोड्याची गाठ सोडत असल्यासारखं वाटलं. एक मावशी मरून स्वेटर बाहेर काढून उन्हात धरून पाहत होत्या.

"कसा दिला?"

"मावशी, विकायचा नाहीये. माझा आहे."

"सगळे असंच म्हणतात. भाव सांग."

"अहो, आईने विणलाय."

त्यांनी उलटा करून शिवण तपासली, बाही ओढून पाहिली, कोपराजवळचं रफू शोधून काढलं. "वापरलेलाय," त्या म्हणाल्या. "दीडशे देते. आणि ती कानटोपी त्याच्यावर फुकट."