व्यवहार करू नये

मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा महाराष्ट्रात १९९५ पासून आहे. भिंत खराब केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. तो आमच्या जासईत कडक लावला, तर भावी सरपंच, मूळव्याधीचे वैद्य आणि सिमेंटची जाहिरात रंगवणारे पेंटर एकाच कोठडीत बसतील. गप्पा मात्र रंगतील.

पलीकडे नवी मुंबईत सगळे रीतसर. स्वच्छ सर्वेक्षण आले की पालिका भिंतींवर फ्लेमिंगो रंगवते. आम्ही पडलो ग्रामपंचायतवाले. उरणच्या पाणथळीत खरेच फ्लेमिंगो उतरतात, त्यांची निविदा काढावी लागत नाही.

आमची अस्सल भित्तिकला म्हणजे लाल ऑइलपेंटमधले एक वाक्य: ‘सदर जागेचा व्यवहार कोणीही करू नये.’ त्याला इतिहास आहे. हे शेतकरी नेते दि. बा. पाटलांचे गाव. जानेवारी १९८४ मध्ये, सिडकोने नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. इतक्या मोलाच्या जागेवर माणूस रंगाचा डबा घेऊन पहारा देणारच. पहारा मात्र सिडकोपेक्षा सख्ख्या भावावर जास्त. थोरला हरकत लिहितो, धाकटा ती खोडतो, आत्या खाली दाव्याचा नंबर घालते. लंडनमध्ये २००९ साली भित्तिचित्रकार बँक्सीने किंग रॉबो या दुसऱ्या ग्राफिटीवाल्याच्या जुन्या चित्रावर हात मारला, तेव्हा त्या दोघांचे भिंतीवरचे भांडण जगभर गाजले. आमच्याकडे त्याला वाटपाचा दावा म्हणतात आणि तो नातवंडांनाही पुरतो.

दुसरी कला लग्नघराची. गणपती, कलश, केळीचे खांब, खाली ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’. हे पुसायचा रिवाज नाही. त्यामुळे स्वतः सासू होऊन सुनेला धारेवर धरणारी बाई भिंतीवर अजून सौभाग्यकांक्षिणीच असते.

यंदा आमच्या आळीत एका काकांनी वादातल्या भिंतीवरच मुलाचे लग्न रंगवून घेतले. एक हात पांढरा, त्यावर गणपती. हळदीच्या दिवशी ऊन चढले आणि नवरा-नवरीच्या नावांखाली जुनी लाल अक्षरे हळूहळू वर आली: ‘हा व्यवहार बेकायदेशीर समजण्यात येईल.’

काकू पेंटरवर उखडल्या, “रंगान पानी घातलंस ना रं?” नवरीकडचे वकीलमामा मात्र खाली सही कोणाची आहे ते वाकून बघत होते.