कावा आणि चखणा

स्पेनच्या कातालोनियात द्राक्षांपासून जी फसफसणारी वाइन होते तिला ‘कावा’ म्हणतात. नाव मराठीत इतके चपखल बसते की तिचे बारसे सह्याद्रीच्याच एखाद्या घाटात झाले असावे, अशी शंका यावी. तिकडे या शब्दाचा अर्थ नुसता तळघर. आपल्याकडे कावा म्हणजे समोरच्याला कळायच्या आत काम उरकणे, आणि जेवणाआधीचा कावा नेमके तेच करतो. निमुळत्या पेल्यात चार बोटे फेसाळ सोनेरी पाणी, बशीत दोन ऑलिव्ह, पावाच्या चकतीवर खारवलेल्या मासळीची एक फाक. एवढ्या सरंजामात आपण पितो आहोत हे खुद्द पिणाऱ्यालाही जाणवत नाही, कारण तो ‘भूक चाळवत’ असतो. हाच गृहस्थ उरणजवळच्या करंजाच्या बंदरावर भाजलेला सुका बोंबील आणि ग्लास घेऊन टेकला, तर मात्र तो ‘बसला’ असे म्हणतात. पोटात दोन्हीकडे मद्यार्कच जातो. अब्रू तेवढी एकीकडे वाढते आणि दुसरीकडे जाते, आणि हा सगळा खेळ पेयाचा नसून नावाचा आहे.

स्पेनवाल्यांना हे आपल्याआधी कळले. सान्त सादुर्नी द’अनोइया या गावी जुसेप रावेंतोस यांनी १८७२ साली शॅम्पेनच्या पद्धतीने बाटल्या भरल्या आणि पुढे कित्येक दशके तो माल शॅम्पेनच्याच नावावर खपला. फ्रेंचांनी हरकत घेतली तेव्हा माल तोच ठेवून नाव तेवढे बदलले. सोबतच्या खाण्याची गोष्टही तशीच. ‘तापा’ म्हणजे झाकण. पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाची चकती ठेवत, त्यातून ‘तापास’ आले, अशी एक दंतकथा सांगतात. आपला ‘चखणा’ त्या मानाने फार सरळ शब्द. चाखायचा म्हणून चखणा, त्याला माशीची सबब लागत नाही. बहुधा म्हणूनच त्याला मेन्यूकार्डात जागा मिळत नाही. वास्तविक स्पेनशी करंजाचे जुने नाते आहे. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्याच डोक्यावर होता आणि करंजा बेट पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते. म्हणजे साठ वर्षे इथला कोळी स्पेनच्या राजाचा प्रजाजन होता आणि त्याला त्याचा पत्ताही नसावा. यालाही कावाच म्हणायचे.

पण करंजा-उरणची मद्याच्या इतिहासातली खरी जागा याहून मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई शहराची तहान भागवणाऱ्या मोहाच्या दारूच्या भट्ट्या उरणला होत्या. मोहाची फुले गुजरातेतून यायची, इथे दारू गाळली जायची आणि खाडी ओलांडून मुंबईला जायची. १८७८ च्या अबकारी कायद्याने सरकारने गाळण्यावरची पकड घट्ट केली. त्यानेही भागेना, म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा करून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ती बाळगण्यावर बंधने घातली. झाडावरून गळलेले फूल वेचणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा हा कायदा करणारे साहेबलोक संध्याकाळी जेवणाआधी शेरीचा पेला घेत, आणि शेरी स्पेनमधूनच येते. फुलाची दारू झाली की गुत्ता, द्राक्षाची झाली की संस्कृती, ही विभागणी तेव्हापासूनची.

यावर जाणकार म्हणतील, कावा ही कारागिरी आहे. मान्य. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायचे, निदान नऊ महिने गाळावर निजवायचे, मग तो गाळ बाटलीच्या तोंडाशी आणून उडवायचा. हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण ही कारागिरी आपल्याकडे झाली तेव्हा आपण काय केले? शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्राने अशीच वाइन केली. तालुका जुन्नर, डोक्यावर शिवनेरी. गनिमी काव्याला याहून योग्य गाव पृथ्वीच्या पाठीवर सापडायचे नाही. परदेशात बाटलीवर नाव गेले ते मात्र इराणच्या उमर खय्यामचे. दुसरा आक्षेप, कावा सौम्य असतो. असेल, पण ताजी माडी त्याच्या निम्म्यानेही कडक नसते आणि तिला अजून कुणी काचेचा निमुळता पेला देऊ केलेला नाही. तिसरा आक्षेप खवय्यांचा, की असल्या नाजूक पेयापुढे सुकी मासळी रासवट वाटेल. इथे ते साफ चुकतात. आंबटपणा आणि बुडबुडे तेल कापतात आणि खारटपणा सोसतात, म्हणून तर स्पेनमध्ये यासोबत छोटी मासळी तळून देतात. आपण तिला मांदेली म्हणतो. तव्यावर कुरकुरीत झालेली मांदेली, जवळ्याची वडी, कोलंबीची भजी: कातालोनियातला बल्लव हे पाहून नोकरी सोडेल.

आता सरकारकडे वळू, कारण नावांचा कारखाना तिथे आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला मंजुरी दिली, आणि वाइन म्हणजे दारू नव्हे असा खुलासा संजय राऊत यांनी केला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि वाइन पोह्यांच्या शेजारच्या फळीवर पोचायची राहिली. खुलासा मात्र शिल्लक आहे. तो माडीलाही लावता येईल का, हे अद्याप कुणी विचारलेले नाही. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के आयात शुल्क होते, त्यामुळे स्पेनमध्ये रोजच्या खर्चात बसणारी बाटली इथे येईतो वऱ्हाडी थाटात आली. ती येण्याची मोठी वाट न्हावा-शेव्याच्या बंदरातून, म्हणजे करंजाच्या शेजारूनच जाते. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई उरणच्या दारात आली. तेव्हा बंदराकाठी कावा आणि ‘कोस्टल तापास’ची पाटी लागायला फार अवधी लागू नये. बोंबील तोच असेल, फक्त एका ताटलीत एकच असेल.

पाटी लागेल तेव्हा मालकाने एक गोष्ट विसरू नये. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि त्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो, तोही प्रकृतीस्वास्थ्य राखण्याच्या कारणासाठी. कायद्याच्या नजरेत महाराष्ट्रातला प्रत्येक पिणारा औषधच घेत असतो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. दोन हजारांच्या बिलात तो सहज खपून जाईल. आणि जागेबद्दल तर प्रश्नच नाही. करंजाच्या माथ्यावर द्रोणागिरी उभा आहे. मारुतीने नेलेल्या औषधींच्या डोंगराचा तुकडा इथे पडला, अशी गावाची श्रद्धा आहे.