बालकास गडावर नेऊन निसर्गप्रेमी बनविण्याची शास्त्रोक्त पद्धत

पालकहो, मूल चार-पाच वर्षांचे झाले की त्याला निसर्गाची गोडी लावण्याचे कर्तव्य अंगावर येऊन पडते. ते पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी उरकून टाकावे. पुणे-मुंबईकरांना यासाठी लोहगड सोयीचा. मळवलीला उतरावे, भाजे गावावरून चढत गायमुख खिंड गाठावी, तिथून उजवीकडे वळले की पायऱ्या सुरू. २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो असल्यामुळे सोसायटीत सांगायलाही बरा.

अडचण एकच. बालकाची उंची जेमतेम एक मीटर असते. त्यामुळे त्याला गड दिसतच नाही. मुंग्यांची रांग दिसते. हा दोष वेळीच दूर केला नाही, तर बालक भाज्यातच रमते आणि माथ्यावरचा फोटो राहून जातो.

मोहिमेचा पहिला शत्रू म्हणजे पैसाकिडा. पावसाळ्यात तो वाटेत हमखास आडवा येतो. बालक उकिडवे बसते, बोट लावते. किडा गुंडाळी करून स्वस्थ पडतो. आता तो उलगडल्याशिवाय बालक उठत नाही, आणि बालक बोट लावत राहिल्यामुळे किडा उलगडत नाही. ‘बाबा, याला किती पाय असतात?’ असा प्रश्न येईल. ‘छी, टाक ते!’ हे उत्तर तोंडपाठ ठेवावे. त्याच्या अंगाच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. पण ही माहिती मनात ठेवली तर आपणही मोजायला खाली बसाल, तेव्हा हे वाक्य वाचले असल्यास विसरावे. लाजाळूचे रोप दिसल्यास बालकाच्या आणि रोपाच्या मध्ये उभे राहावे.

‘अजून किती राहिलं?’ याला ‘आलंच, पाच मिनिटं’ असे म्हणावे. ही पाच मिनिटे खिंडीपर्यंत सहज पुरतात. पुढे ‘पाय दुखतात’ सुरू होईल. हे दुखणे विचित्र असते. पायऱ्यांवर बळावते आणि डबके दिसताच नाहीसे होते. म्हणून डबक्यांपासून दूर ठेवावे, म्हणजे दुखणे खरे असल्याची खात्री पटते आणि बालकाला खांद्यावर घेता येते.

आजीला बरोबर नेऊ नये. हा नियम कठोर वाटेल, पण अनुभवी पालकांना पटेल. आजीला चढायची घाई नसते. ती वाटेच्या कडेचा टाकळा ओळखते, कोवळी पाने खुडते, ‘लसूण घालून परतला की काय लागतो!’ म्हणते आणि नातवाच्या हाती पिशवी देते. दहा मिनिटांत बालक टाकळा कुठला आणि नुसते गवत कुठले हे ओळखू लागते. मग कुर्डू. मग अळू. असे शिकलेले मूल पुढे निसर्ग शिबिराच्या फीचे काय चीज करणार?

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, अशा प्रत्येक दरवाजात थांबून इतिहास सांगावा. १६६५च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांना द्यावा लागला, १६७०मध्ये परत घेतला, वगैरे. सन उच्चारताना आवाज चढवावा. बालक मध्येच विचारील, ‘मावळ्यांना शी लागली की ते कुठं जायचे?’ दटावावे. रायगडावर शौचकूप आजही दाखवतात आणि दुर्ग-अभ्यासक त्याची आवर्जून नोंद घेतात, हे खरे. पण ज्याची पुस्तके छापली आहेत त्यानेच असले प्रश्न विचारावेत.

विंचूकाट्याचे नाव चढताना घेणे हा जुगार आहे. ‘वर विंचू दाखवतो’ म्हटल्यावर मूल चढते खरे, पण माथ्यावर डोंगराची लांबलचक सोंड दाखवून ‘हाच तो’ म्हणायला छाती लागते. मग ते खरा विंचू शोधायला दगड उलथू लागते. (इथे थट्टा बाजूला: कपारीत हात घालू देऊ नका, आणि कड्याजवळ हात सोडू नका. बाकी सगळे सोडले तरी चालेल.)

ओढ्याकाठच्या झाडीतून कोणी तरी गाणे शोधत असल्यासारखी शीळ घालत असेल, तर तो बहुधा शीळकरी कस्तूर. त्वरित मोबाइल काढून ॲपमध्ये नाव तपासावे, स्टेटस टाकावे. पुढचे दोन दात पडलेले बालक त्याला शीळ घालून उत्तर द्यायचा प्रयत्न करील. ॲपला व्यत्यय येतो; गप्प करावे.

परतताना मळवली स्टेशनवर खिशांची झडती घेण्यास विसरू नये. खडे, एक पीस, ओले शेवाळ आणि गोगलगायीचा शंख निघेल. ‘रिकामाय तो,’ अशी बालक शपथेवर ग्वाही देईल. त्यावर विश्वास ठेवलात, तर पुण्याच्या लोकलमध्ये कामशेतच्या सुमारास शंखातून दोन शिंगे बाहेर येतात आणि शंख बाकावरून चालू लागतो. वडगाव येईपर्यंत निम्मा डबा भोवती जमतो. गडावरून रील करून परतणारी कॉलेजची पोरेही त्यात असतात, आणि बालक त्यांना शिंगांच्या टोकाला डोळे असतात, हात लावू नका, असे बजावत असते. अशा वेळी पालकाने खिडकीबाहेर पाहावे आणि तिकीट वेगळे काढल्याचा आव आणावा.